बालाघाटाची निर्जन वाट आणि दासोपंत

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातील तेलगाव प्रवाशांना ठाऊक आहे ते चौफुलीचे गाव म्हणून. बीडहून वडवणीमार्गे परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. सहकारी साखर कारखान्यामुळे हंगामात उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रीघ लागते. उत्तरेला सिंदफणा आणि गोदावरीच्या खोऱ्याची काळी, सपाट जमीन पसरली आहे. दक्षिणेला मात्र डोंगराची एक लांबट, फारशी उंच नसलेली, माथ्यावर सपाट असलेली भिंत उभी आहे. ती बालाघाटाची कड. धारूरकडे जाणारी एसटी बस घाटाच्या वळणांतून ही कड काही मिनिटांत चढून जाते आणि खिडकीतून दिसणारा डोंगर प्रवाशाच्या ध्यानात येण्याआधीच मागे पडतो.

या डोंगरावर मुद्दाम चालावयास कोणी जात नाही. सह्याद्रीच्या गडकोटांवर सुटीच्या दिवशी तरुणांची गर्दी होते. बालाघाटाच्या माळावर भेटलाच तर शेळ्या चारणारा एखादा गुराखी भेटतो. पर्यटनाच्या पुस्तकांत या माळाला जागा नाही. बालाघाट म्हटले, की वर्तमानपत्रांच्या वाचकाला आठवतो तो दुष्काळ आणि दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखरपट्ट्याकडे निघणारे ऊसतोड मजुरांचे तांडे. सोडून जाण्याची जागा, अशीच या डोंगराची ओळख होऊन बसली आहे.

तरीही जो पायी चढतो त्याला हा डोंगर वेगळा दिसतो. पायाखाली मुरूम आणि काळा कातळ, आजूबाजूला तरवड, बोर, हिवर आणि पळस. पावसाळ्यात माळावर गुडघाभर गवत उभे राहते आणि ओढे काही आठवडे वाहतात. मार्गशीर्ष उजाडला, की कुसळी गवताला तांबूस झाक येते आणि उतरत्या उन्हात सारा माळ तांब्याच्या परातीसारखा दिसू लागतो. झुडपातून तित्तर ओरडतो, टिटवी वाटसरूच्या डोक्यावर घिरट्या घालते आणि वारा गवतातून सारखा वाहत असतो. एरवी शांतता. उताराउतारावर दिसणारी सीताफळाची झाडे ही या प्रदेशाची आजची ओळख आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु हे झाड मुळात अमेरिका खंडातले. चारशे वर्षांपूर्वी येथून गेलेल्या माणसाने पाहिलेला डोंगर याहूनही उघडा, गवताचा आणि दगडाचा असला पाहिजे.

असाच एक माणूस सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोदावरीचा काठ सोडून बालाघाट चढला आणि वरच्या पठारावरील अंबाजोगाईस जाऊन राहिला. महाराष्ट्र त्याला दासोपंत म्हणून ओळखतो; अंबाजोगाईचे लोक सर्वज्ञ दासोपंत म्हणतात. मराठीत एवढे प्रचंड लेखन करणारे कवी फार थोडे झाले. मात्र ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आणि ज्याचे लेखन फारच थोड्यांनी वाचलेले, असाही त्यांच्याइतका दुसरा कवी क्वचितच सापडेल.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ म्हणजे इ.स. १५५१ मधला. जन्मस्थान नारायणपेठ. बेदरच्या राज्यातील या गावात मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानांवर पडत. वडील दिगंबरपंत देशपांडे, आई पार्वतीबाई. घराणे वतनदारांचे आणि उपासना दत्तात्रेयाची. देशपांडेपण म्हणजे गावोगावच्या जमिनीच्या हिशेबाची आणि वसुलीची जबाबदारी. पीक आले तर मान मोठा. पीक बुडाले तर सरकारच्या रोषाचा पहिला धनीही तोच.

दख्खनचा तो काळ अस्थिर होता. बहमनी राज्याची शकले होऊन पाच शाह्या उदयास आल्या होत्या आणि त्यांपैकी बेदरची बरीदशाही सर्वांत दुबळ्या राज्यांपैकी एक होती. मोठ्या शेजाऱ्यांच्या लढायांत तिची फरफट होई. १५६५ मध्ये तालिकोटच्या रणात विजयनगरचा पाडाव झाला तेव्हा दासोपंत चौदा वर्षांचे होते. अशा काळात सततच्या स्वाऱ्यांचा खर्च शेवटी शेतसाऱ्यातूनच वसूल होई. पाऊस मात्र कोणाच्या फर्मानाने पडत नाही.

परंपरेतील चरित्रकथा सांगते, की एका दुष्काळात दिगंबरपंतांना साऱ्याची रक्कम भरता आली नाही. बेदरच्या दरबारी त्यांना जाब विचारण्यात आला आणि रकमेपोटी त्यांचा मुलगा दासो ओलीस ठेवून घेण्यात आला. ठरलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर मुलाला धर्मांतर करावे लागेल, अशी अट घालण्यात आली. बाप रिकाम्या हाताने गावी परतला. मुलगा परक्या शहरात दिवस मोजीत राहिला. त्याच्या खर्चासाठी दररोज जे पैसे मिळत ते तो दान करून टाकी, असेही कथेत आहे.

मुदत संपत आली असता दत्ताजी पाडेवार नावाचा एक मनुष्य दरबारात आला, त्याने सारी रक्कम मोजून दिली, पावती घेतली आणि तो निघून गेला. दिगंबरपंतांनी असा कोणी मनुष्य पाठविलाच नव्हता. भाविकांच्या दृष्टीने तो साक्षात दत्तात्रेय होता. दामाजीपंतांच्या कथेतील विठू महाराशी या पाडेवाराचे नाते उघड आहे. दोन्ही कथांत देव येतो तो गावकामगाराच्या, समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेल्या माणसाच्या रूपाने. इतिहास या कथेची साक्ष देऊ शकत नाही. पण या कथेमागची भीती खरी आहे. शेतात पीक नाही म्हणून घरातले मूल तारण पडण्याची ती भीती आहे. दासोपंतांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा धागा परंपरेने याच प्रसंगाला बांधला आहे.

मुलगा घरी परतला. लग्न झालेले होते, वतन वाट पाहत होते. पण ज्याने आपल्याला सोडविले तो कोण, हा प्रश्न त्याला घरात बसू देईना. वडिलांचा दफ्तराचा रुमाल खांद्यावर घेण्याऐवजी तो एके दिवशी घर सोडून निघाला. भक्तीच्या भाषेत हे वैराग्य आहे. व्यवहाराच्या भाषेत सांगावयाचे, तर ज्या व्यवस्थेने त्याला हिशेबातील एक रक्कम बनविले होते त्या व्यवस्थेकडे त्याने पाठ फिरविली.

तेथून दासोपंतांच्या आयुष्यात डोंगर येतो. दत्तसंप्रदायात माहूरला, म्हणजे जुन्या मातापुराला, फार मोठे स्थान आहे. दत्तात्रेय रोज काशीस स्नान करतात, कोल्हापुरास भिक्षा मागतात आणि माहूरच्या डोंगरावर निद्रा घेतात, ही श्रद्धा महाराष्ट्रभर रूढ आहे. रेणुका, अनसूया आणि दत्तशिखर अशा तीन शिखरांच्या या परिसरात दासोपंत येऊन राहिले. परंपरा त्यांच्या वास्तव्याचा काळ बारा वर्षे सांगते. बारा वर्षे हा पुराणकथांतील ठरीव आकडा आहे. तो शब्दशः घ्यावयाचा नाही असे ठरविले, तरी तारुण्याचा मोठा भाग त्यांनी अरण्यात आणि डोंगरावर घालविला एवढे त्यातून निश्चित कळते. ओलीस राहिलेल्या दिवसांत मुलगा भिंतींच्या आत होता. आता त्याने चारही बाजूंनी उघडी जागा निवडली होती.

माहूरनंतरचा मोठा मुक्काम गोदावरीच्या काठावरील राक्षसभुवन. हे गाव आज गेवराई तालुक्यात आहे. शनीचे स्थान म्हणून ते प्रसिद्ध आहेच, शिवाय १७६३ च्या ऑगस्टमध्ये माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा येथेच पराभव केला. ती लढाई होण्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी दासोपंत येथील वाळवंटात तप करीत होते. याच ठिकाणी त्यांना दत्तात्रेयाचा प्रसाद लाभला, असे संप्रदाय मानतो. दासोपंतांचे नाव आजही राक्षसभुवनच्या दत्तस्थानाशी जोडलेले आहे. डोंगरावरून उतरून नदीकाठी आलेला हा साधक येथून पुन्हा डोंगराकडे वळला. आता मात्र त्याला कायमचे घर मिळणार होते.

राक्षसभुवन आणि अंबाजोगाई यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर ती तेलगावच्या परिसरातूनच बालाघाट चढते. अंतर शंभर किलोमीटरच्या घरात. पायी चालणाऱ्याला चार-पाच मुक्कामांचे. त्या काळच्या पायवाटा रेघेसारख्या सरळ नसत. त्या पाणवठा, खिंड आणि वस्ती पाहून वळत. पण कोणतीही वाट धरली, तरी बालाघाटाची कड चढल्यावाचून अंबाजोगाई गाठता येत नाही. खाली गंगथडीची सुपीक, वर्दळीची जमीन आणि वर कोरडे, वाऱ्याचे पठार. बीड जिल्ह्याच्या या दोन भागांतला फरक आजही चढणीच्या एका तासात समजतो. खालच्या गावांचे आवाज हळूहळू विरतात, उसाचा हिरवा पट्टा मागे पडतो आणि माथ्यावर आले, की एकदम गवत आणि आकाश एवढेच उरते.

ती वाट दासोपंतांच्या काळी निर्धोकही नव्हती. याच कडेवर धारूरचा किल्ला आहे. १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने तो उभारला आणि दोनच वर्षांनी निजामशहाने तो जिंकून त्याचे नाव फतेहाबाद ठेवले. सीमेवरच्या या मुलखात फौजा सारख्या फिरत. सैन्य गेले, की मागे उरे ती तुडवलेली शेते आणि रिकामी कणगी. हातात शस्त्र नसलेला आणि सोबत धन नसलेला वाटसरू अशा डोंगरात एका अर्थी सर्वांत सुरक्षित असतो. त्याच्याकडून घेण्यासारखे काही नसते. ज्याची किंमत एकदा दरबारात ठरविण्यात आली होती, तो माणूस या माळावरून कोणाच्याही खातेवहीत नसलेला असा चालत गेला.

अंबाजोगाई हे जुने क्षेत्र. योगेश्वरी देवीचे ठाणे, जयंती नदीचा काठ, कातळात कोरलेली लेणी आणि गावाबाहेरच्या दरीत मुकुंदराजांची समाधी. मराठीतील पहिल्या तत्त्वज्ञानपर ग्रंथांत गणला जाणारा ‘विवेकसिंधु’ मुकुंदराजांचा, आणि त्याचा काळ परंपरेने शके १११० म्हणजे इ.स. ११८८ मानला जातो. संस्कृतात बंदिस्त असलेला वेदान्त लोकांच्या भाषेत आणण्याचा प्रयत्न या गावाला दासोपंतांच्या आधी जवळजवळ चार शतके ठाऊक होता. ज्या भूमीत हे बी पडले होते तेथेच त्याचा डेरेदार वृक्ष व्हावा, हा योग काही लहान नव्हे.

अंबाजोगाईचे देशपांडे सीतोपंत यांनी दासोपंतांना आश्रय दिला. घरची माणसेही पुढे त्यांना येऊन मिळाली. वतन नाकारून निघालेला मुलगा अशा रीतीने एका देशपांड्याच्याच आधाराने स्थिरावला. ज्या वतनदारीच्या वसुलीपायी त्यांचे बालपण गहाण पडले होते, त्याच वतनदारीच्या धान्याने त्यांच्या लेखणीला उसंत दिली. दासोपंतांचा संसार झाला, शिष्य झाले, दत्तात्रेयाचे देवघर उभे राहिले. थोरले देवघर आणि धाकटे देवघर या नावांनी त्यांची परंपरा अंबाजोगाईत आजही नांदते. तेथील दत्तमूर्ती एकमुखी आहे. तीन शिरे आणि सहा हात असलेल्या दत्ताची सवय झालेल्या भाविकाला ती प्रथम वेगळी वाटते. परंतु दत्तात्रेयाची एकमुखी उपासना जुनी आहे आणि दासोपंत तिचे मोठे प्रवर्तक होते. दत्ताच्या सोळा अवतारांची उपासना मराठी मुलखात रुजविण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

दासोपंतांचे राहणे ऐश्वर्याचे होते, अशी आठवण परंपरेने जपली आहे. अरण्यात वर्षे काढलेल्या माणसाने पालखीत बसावे, याचे कित्येकांना नवल वाटते. पण त्यांच्या दृष्टीने ते वैभव देवाचे होते आणि ते स्वतः केवळ त्याचे सेवक. आपल्या रचनेत ते स्वतःला दिगंबराचा अनुचर म्हणवितात. दिगंबर हे दत्तात्रेयाचेही नाव आणि त्यांच्या जन्मदात्याचेही. बेदरहून रिकाम्या हाताने परतलेला बाप आणि न बोलावता पैसे भरून गेलेला देव, दोघांचेही नाव त्यांच्या मुद्रेत एकत्र आले आहे.

मग लेखन सुरू झाले, आणि ते जवळजवळ अखेरपर्यंत थांबले नाही. रोज एका ढब्बू पैशाची शाई त्यांना लागे, असे अंबाजोगाईत सांगितले जाते. या आख्यायिकेवर विश्वास बसावा एवढे त्यांचे ग्रंथ आहेत. ‘ग्रंथराज’, ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘प्रबोधोदय’, ‘वाक्यवृत्ति’, शेकडो पदांचा ‘पदार्णव’ आणि या सर्वांवर कळस म्हणजे ‘गीतार्णव’. अर्णव म्हणजे समुद्र. या एकाच ग्रंथाची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे हा ग्रंथ तिच्या सुमारे चौदा पट. गीतेचे श्लोक सातशे. हिशेब केला तर दर श्लोकामागे पावणेदोनशेहून अधिक ओव्या पडतात. तीस वर्षे एकही दिवस न चुकता लिहावयाचे ठरविले, तरी केवळ या ग्रंथासाठी रोज अकरा-बारा ओव्या व्हावयास हव्यात.

एवढा विस्तार कशासाठी, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे आणि पाल्हाळाचा आक्षेपही घेतला आहे. तो खोटा नाही. दासोपंत एक मुद्दा घेतात, त्याच्या बाजूने बोलतात, आक्षेप उभे करतात, ते खोडतात, दृष्टान्त देतात आणि पुन्हा मूळ मुद्द्यावर येतात. ज्ञानेश्वरांच्या ओवीतील चमक त्यांच्याकडे क्वचित आढळते. परंतु त्यांचा उद्देशच निराळा होता. संस्कृत जाणणाऱ्या पंडिताला जे जे वाद, जी जी मते आणि जे जे प्रमेय उपलब्ध होते, ते सारे मराठीत आणून ठेवावे, काही म्हणजे काही बाहेर राहू नये, असा त्यांचा ध्यास दिसतो. बालाघाटाच्या माळाला शिखर नाही. तो पसरत जातो. दासोपंतांचा ग्रंथही तसाच आहे. शिखराच्या ओढीने येणारा वाचक निराश होतो. पाऊल टाकीत राहणाऱ्याला मात्र तो वाटेत पुष्कळ देतो.

या ज्ञानवंतामध्ये एक गवयीही होता. दासोपंतांची पदे रागांत बांधलेली आहेत आणि मराठीखेरीज इतर भाषांतही त्यांनी पदरचना केली. नारायणपेठेत लहानपणी कानांवर पडलेल्या बोली त्यांनी टाकून दिल्या नाहीत. देवघराच्या उत्सवांत ही पदे पिढ्यान्‌पिढ्या गाइली गेली, म्हणूनच ती टिकली. जे गळ्यात राहिले ते वाचले आणि जे रुमालात राहिले त्याला वाळवीची वाट पाहावी लागली.

दासोपंतांच्या साऱ्या कृतींत लोकांच्या कुतूहलाचा विषय झाली ती मात्र त्यांची पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर पांघरावयाचे जाडेभरडे कापड. अशा सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने लिहून काढला. कागद महाग होता म्हणून कापड, असे एक कारण दिले जाते. पण पोथीचे पान एका वेळी एकालाच वाचता येते, आणि उलगडून ठेवलेल्या पासोडीभोवती मात्र दहा-वीस माणसे बसू शकतात. वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्याचे काम ती चारशे वर्षांपूर्वी करू शकत होती.

पंचीकरणाचा विषय थोडक्यात सांगता येतो. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच तत्त्वे जगात कोठेही शुद्ध स्वरूपात आढळत नाहीत. प्रत्येक स्थूल तत्त्वात अर्धा भाग त्याचा स्वतःचा असतो आणि उरलेला अर्धा इतर चार तत्त्वांच्या प्रत्येकी एक-अष्टमांश भागांनी भरलेला असतो. दगडात पाणी आहे, पाण्यात तेज आहे, वाऱ्यात माती आहे. दृश्य जगाची अशी जुळणी समजली, की तिच्यापलीकडे जो पाहणारा आहे त्याचा शोध घ्यावयाचा, ही वेदान्ताची पायरी. ज्याने वर्षानुवर्षे माहूरचा कातळ, गोदेचे वाळवंट आणि बालाघाटाचा वारा अंगावर घेतला होता, त्याला हा विषय केवळ पोथीतून कळलेला नव्हता. आणि तो त्याने उतरविला तोही राजदरबारी शोभणाऱ्या रेशमावर नव्हे, तर गुराख्याने पावसाथंडीत खांद्यावर घ्यावे अशा कापडावर.

पैठणचे एकनाथ महाराज दासोपंतांचे समकालीन. एकनाथ, दासोपंत, रामाजनार्दन, जनीजनार्दन आणि विठारेणुकानंदन या पाच संतकवींचा उल्लेख एकनाथ पंचक म्हणून एकत्र केला जातो. दासोपंत पैठणास गेले तेव्हा नाथांच्या दारी प्रत्यक्ष दत्तात्रेय पहारा करीत उभे असलेले त्यांना दिसले, अशी आख्यायिका आहे. दोघेही दत्तभक्त, दोघेही संसारी, दोघांनीही संस्कृतातील ज्ञान मराठीत आणले. नाथांच्या भारुडांनी आणि भागवताने गावेच्या गावे जिंकली. दासोपंतांचे लेखन मात्र डोंगरावरच राहिले. ते ऐकावयाचे तर बालाघाट चढून यावे लागे.

१५९९ मध्ये नाथांनी देह ठेवला. त्यानंतरच्या वर्षी अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला आणि दख्खनच्या सत्तेचा सारा पट विस्कटला. मलिक अंबरने निजामशाहीचा डोलारा पुन्हा सावरून धरला तो काळ दासोपंतांच्या उतारवयाचा. खाली फौजा जात-येत होत्या आणि वर अंबाजोगाईत एक वृद्ध माणूस गीतेच्या श्लोकांवर ओव्या लिहीत होता. शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीस, म्हणजे इसवी सनाच्या १६१६ च्या आरंभी, त्यांनी देह ठेवला. वय पासष्टीच्या घरात होते. अंबाजोगाईस नृसिंहतीर्थाजवळ त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी माघ वद्य षष्ठीला तेथे भाविक जमतात.

त्यानंतर सुमारे तीन शतके दासोपंतांचे बहुतेक ग्रंथ देवघरांतील बासनांत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या वाङ्मयाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले. पायी हिंडून दफ्तरे आणि पोथ्या शोधणाऱ्या राजवाड्यांना अंबाजोगाईचा हा ठेवा म्हणजे मराठी गद्यपद्याच्या इतिहासातील मोठे घबाड वाटले यात नवल नाही. पुढे काही ग्रंथ आणि ‘गीतार्णवा’चे काही भाग छापले गेले, पासोडीचा अभ्यास झाला, विद्यापीठांतून प्रबंध लिहिले गेले. तरीही सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत दासोपंत पोचलेले नाहीत. शाळेच्या पुस्तकात ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम, रामदास ही नावे ओळीने येतात. दासोपंतांना त्या ओळीत बसावयास जागा मिळत नाही. मराठवाड्यातील कित्येक घरांत अंबाजोगाईची वारी दरवर्षी होते, पण योगेश्वरीचे दर्शन घेऊन परतणाऱ्या गाड्या देवघराच्या बोळाकडे क्वचितच वळतात.

यात नुकसान कोणाचे, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पासोडीचे कापड चारशे वर्षांचे झाले. कापूस आणि शाई यांना आयुष्य असते. प्रत्येक उलगडण्याबरोबर घड्यांवरची अक्षरे थोडी झिजतात आणि न उलगडावे तर ती कोणीच वाचत नाही. जुन्या हस्तलिखितांचे छायाचित्रण आता सोपे झाले आहे. पण छायाचित्र घेतले म्हणजे ग्रंथ वाचला गेला असे होत नाही. त्यासाठी मोडी आणि जुनी बाळबोध लिपी सफाईने वाचणारे, दासोपंतांची मराठी समजणारे आणि सव्वा लाख ओव्यांच्या वाटेवर निम्म्यातून परत न फिरणारे अभ्यासक लागतात. असे अभ्यासक दर पिढीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतात. एखाद्या पिढीत एकही निघाला नाही, तर वाट बुजण्यास तेवढे पुरेसे आहे.

डोंगरातील पायवाटांचेही असेच असते. त्या कोणी बांधीत नाही. पावलांनीच त्या पडतात आणि पावले थांबली, की दोन पावसाळ्यांत गवताखाली जातात. घाटातून डांबरी रस्ता झाला, बस सुरू झाली, घरोघरी दुचाकी आली आणि बालाघाटाच्या चढणीच्या जुन्या वाटा गुरांपुरत्या उरल्या. त्यांपैकी एखादी आजही सापडते. तेलगावच्या चौफुलीचा गोंगाट मागे टाकून कडेच्या दिशेने निघाले, की तासाभरात कारखान्याची चिमणी बोटाएवढी दिसू लागते. उत्तरेला गोदावरीच्या खोऱ्यावर धुरकट निळसर पडदा असतो. दक्षिणेला पठार उलगडत जाते, आणि त्याच्या पलीकडे, पायी गेले तर एक-दोन मुक्कामांवर, अंबाजोगाई.

एकदा पैशापोटी तारण ठेवला गेलेला एक मुलगा मोठा होऊन या डोंगरावर चढला आणि त्याने मराठीला तिच्या सर्वांत विस्तीर्ण ग्रंथांपैकी एक दिला. आज याच डोंगरावरची मुले उचल घेतलेल्या आई-बापांबरोबर दसऱ्यानंतर उसाच्या फडाकडे उतरतात. सहा महिन्यांची शाळा बुडते. त्यांच्या खांद्यावर पासोडी नसते, पण घरच्या कर्जाचे ओझे असते. दासोपंतांचे चरित्र त्यांच्यापर्यंत पोचले, तर ते त्यांना अनोळखी वाटणार नाही. दुष्काळ, देणे आणि गहाण पडलेले बालपण यांपासूनच ते सुरू होते. ते तेथेच संपले नाही, ही त्यातील सांगण्यासारखी गोष्ट आहे.